स्त्रियांमधील रक्तक्षय : लक्षणे वेळीच कशी ओळखावीत



देवळाच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबून दम घेणाऱ्या किंवा दर्शनाच्या रांगेत घेरी येऊन खाली बसणाऱ्या भगिनी उत्सवकाळात आपण सर्वच पाहतो. उपवास असेल, ऊन लागले असेल, असे म्हणून आपण पाणी देतो आणि विषय तेथेच संपतो. पुष्कळदा यामागे रक्तक्षय, म्हणजेच ॲनिमिया, असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या जेथे राहत आली आहेत त्या गुजरातेत स्त्रियांचे प्रमाण ६५ टक्के, मध्य प्रदेशात सुमारे ५५ टक्के, तर गोव्यात ३९ टक्के आढळले.

रक्तक्षय म्हणजे काय?

रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे लोहयुक्त द्रव्य असते. फुप्फुसांतील प्राणवायू सर्व शरीरास पोहोचविण्याचे कार्य ते करते. गरोदर नसलेल्या स्त्रीच्या १०० मिलिलिटर रक्तात ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजला जातो. गरोदर स्त्रीसाठी ही मर्यादा ११ ग्रॅम, आणि गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांत १०.५ ग्रॅम आहे.

तो लक्षात का येत नाही?

हिमोग्लोबिन बहुधा महिनोन्‌महिने हळूहळू उतरते आणि शरीर त्याच्याशी जुळवून घेते. स्त्री नकळत कामे कमी करते. जिना टाळते, दुपारी आडवी होते. घरातील मंडळी त्यास आळस किंवा वय समजतात आणि तीही तसेच मानू लागते. म्हणून "थकवा आहे का?" असे न विचारता "सहा महिन्यांपूर्वी सहज होणारे कोणते काम आता होत नाही?" असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर अधिक खरे मिळते.

कोणती लक्षणे पाहावीत?

१. पुरेशी झोप होऊनही न जाणारा थकवा, कामात लक्ष न लागणे, चिडचिड.
२. जिना चढताना किंवा पाण्याची कळशी उचलताना धाप लागणे, छातीत धडधड होणे.
३. उठताना चक्कर येणे, डोके दुखणे, हातपाय गार पडणे.
४. फिकटपणा. चेहऱ्याच्या वर्णावरून तो कळत नाही. दिवसाच्या उजेडात खालची पापणी हलकेच ओढून आतील बाजू पाहावी. जीभ, नखे व तळहातही पाहावेत. लाली कमी दिसल्यास तपासणी करावी. मात्र फिकटपणा न दिसल्यास रक्तक्षय नाहीच, असे समजू नये.
५. ओठांचे कोपरे चिरणे, जीभ गुळगुळीत होऊन झोंबणे, नखे ठिसूळ होणे किंवा चमच्यासारखी खोलगट होणे, केस गळणे.
६. माती, राख, खडू, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खाण्याची ओढ. पुष्कळ स्त्रिया संकोचामुळे ही गोष्ट लपवितात; हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण असू शकते. कोणी तिची थट्टा करू नये.
७. हातापायांना मुंग्या येणे. शाकाहारी व्यक्तींत ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावामुळे असे होऊ शकते, आणि त्यावर केवळ लोहाची गोळी पुरत नाही.

कारण शोधणे आवश्यक

पाळी सात दिवसांहून अधिक चालणे, मोठ्या गाठी पडणे किंवा दर एक-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे, यांस "बायकांचे असेच असते" म्हणून सोडून देऊ नये. लागोपाठची बाळंतपणे, जंत, मूळव्याध व अपुरा आहार हीही कारणे होत. पाळी बंद झालेल्या स्त्रीस रक्तक्षय झाल्यास पोटात वा आतड्यात रक्तस्राव होत नाही ना, हे डॉक्टरांकडून अवश्य पाहून घ्यावे. केवळ टॉनिक घेतल्यास मूळ आजार झाकला जाण्याचा धोका असतो.

निदान व उपचार

लक्षणे केवळ संशय निर्माण करतात. निदान रक्त तपासूनच होते. हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. गूळ, खजूर, बीट हे पदार्थ चांगले असले तरी एकदा जडलेला रक्तक्षय त्यांनी भरून निघत नाही. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी चहा-कॉफी किंवा दुधाबरोबर घेऊ नये, कारण त्यांमुळे लोह कमी शोषले जाते. लिंबू, आवळा, पेरू यांमुळे ते अधिक शोषले जाते. गोळीने शौचास काळपट होते, त्यास घाबरू नये. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही शरीरातील लोहाचा साठा भरण्यासाठी सुमारे तीन महिने गोळ्या घ्याव्या लागतात. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडल्यास रक्तक्षय पुन्हा उद्भवतो.

गरोदर भगिनींसाठी सरकारी कार्यक्रमानुसार चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, किमान १८० दिवस, आणि प्रसूतीनंतरही १८० दिवस दिली जाते. रक्त आधीच कमी असलेल्या स्त्रीस प्रसूतीच्या वेळचा रक्तस्राव सोसत नाही आणि तो जिवावर बेतू शकतो. गरोदरपणी हिमोग्लोबिन ७ ग्रॅमपेक्षा कमी आढळल्यास, तसेच कोणत्याही स्त्रीस बसल्या जागी धाप लागणे, छातीत दुखणे किंवा शुद्ध हरपणे असे झाल्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

उपवासाविषयी दोन शब्द

साबुदाणा व वारंवार चहा यांवर काढलेल्या उपवासात लोह फारसे मिळत नाही. ज्या भगिनींना रक्तक्षय आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी उपवासाबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. घरातील वडीलधाऱ्यांनीच "यंदा तुम्ही उपवास करू नका" असे सांगितल्यास त्यांच्या मनावरचे ओझे उतरेल.

आपल्या घरातील आई, पत्नी, सून, लेक यांच्यापैकी कोणाचे हिमोग्लोबिन शेवटचे केव्हा तपासले होते, हे आठवून पाहावे. आठवत नसल्यास याच आठवड्यात तपासून घ्यावे, ही सर्वांस नम्र विनंती.