हैदराबादच्या नैऋत्येचा चुरगळलेला लाव्हा

हैदराबादचे गोल गोल ग्रॅनाइटचे डोंगर सर्वांनी पाहिले आहेत. त्याहून विलक्षण खडक मात्र शहराच्या नैऋत्येला, एकेकाळी निजामाच्या राज्यात असलेल्या रायचूर जिल्ह्यातल्या हट्टी-मस्की पट्ट्यात आहेत. अडीच अब्ज वर्षांहूनही जुना हा लाव्हा समुद्राच्या पाण्याखाली ओतला गेला. पाण्याचा स्पर्श होताच त्याचे उशांसारखे गोळे गोठले. पुढे भूकवचाचे तुकडे एकमेकांवर रेटले गेले, थरांना घड्या पडल्या आणि हे खडक खोल दबले. सुमारे ५०० अंश सेल्सिअस आणि त्याहून अधिक तापमानात या बेसाल्टी लाव्ह्यातले पायरोक्सिन हे खनिज जाऊन त्याजागी हॉर्नब्लेंड आले. खडक न वितळता अँफिबोलाइट झाला. हातात घेतलेल्या तुकड्यात हॉर्नब्लेंडचे काळपट-हिरवे सुईसारखे स्फटिक एका दिशेने ओळीने लागलेले दिसतात. दाब कोणत्या दिशेने आला, ते त्यातून उमगते. उशांचा फुगीर भाग मुळात वर आणि निमुळते टोक खाली असते. त्यामुळे घडीत उलटलेला थरही ओळखता येतो.

सह्याद्रीचा बेसाल्ट त्यामानाने कालचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. त्याला असा मार बसलेला नाही, म्हणून त्याचे थर आजही जवळजवळ आडवे आहेत.

हट्टी-मस्कीत मात्र दाबाने पिचलेल्या पट्ट्यांतून तप्त द्रव वर चढले आणि त्यांनी सोने आणले. हट्टीच्या खाणीतून ते आजही निघते. मस्कीचा अशोकाचा शिलालेखही १९१५ मध्ये सोन्याच्या खाणीचे अभियंते सी. बीडन यांनाच सापडला.