दम नेमका कुठं तुटला? भरतीच्या पोरांसाठी अविनाश साबळेच्या हरलेल्या शर्यती

भिवंडी : पहाटे पाचला भिवंडी-वाडा रस्त्याला निघालात तर गोडाऊनकडं जाणाऱ्या कंटेनरच्या उजेडात पोरं धावताना दिसतील. दुगाड, अंबाडी, वज्रेश्वरीकडची. बहुतेक जण पोलीस भरतीच्या मागं लागलेले. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण एकट्या १६०० मीटरचे, त्यामुळं सगळा जीव त्या धावण्यात. गेल्या खेपेला थोडक्यात हुकलेल्या एकाला विचारलं, काय झालं रे? म्हणाला, "काका, दम कमी पडला." कितव्या राऊंडला? ते काही त्याला सांगता येईना.

मीही वीसेक वर्षांपूर्वी भरतीच्या मैदानात उतरलो होतो. शिट्टी वाजली तसा सगळ्यांच्या पुढं पळालो आणि नंतर पाय उचलेनात. घरी येऊन बूट खराब होते म्हणून सांगितलं. पुढच्या वेळी नवे बूट घेतले, धावलो मात्र तसाच. निकालही तोच लागला.

या बाबतीत बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेकडं बघावं. शेतकऱ्याच्या घरातला पोरगा, बारावीनंतर लष्करात महार रेजिमेंटमध्ये गेला. त्याची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस. साडेसात फेऱ्यांच्या आसपास धावायचं, त्यात २८ वेळा तीन फुटी अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडायचा. त्याच्या पदकांच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्यात. हरलेल्या शर्यती एकापाठोपाठ एक लावून बघितल्या तर जास्त कळतं.

२०२१ ला टोकियो ऑलिम्पिकच्या हीटमध्ये त्यानं ८ मिनिटं १८.१२ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला, तरी सातवा आला आणि फायनल हुकली. म्हणजे विक्रम करूनही कमीच पडलं. २०२२ च्या जुलैत अमेरिकेत युजीनला जागतिक स्पर्धेची फायनल होती. तिथं उलटं झालं. सगळेच हळू धावले, शेवटी जोर लावायच्या बेतानं. साबळे त्या घोळक्यात राहिला आणि ८:३१.७५ वेळेत अकरावा आला. दीडेक महिना आधीच त्यानं रबातला ८:१२.४८ वेळ दिली होती. जवळजवळ १९ सेकंदांचा फरक! दम दीड महिन्यात कुठं पळून जात नाही. तिथं कमी पडली ती वेगाची चाल.

तीन आठवड्यांच्या आत बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धा झाली. १९९८ पासून २०१८ पर्यंत या शर्यतीची तिन्ही पदकं दरवेळी केनियानं नेलेली. या वेळी शर्यत वेगानं झाली. साबळेनं केनियाच्या धावपटूंना सुटू दिलं नाही, शेवटच्या फेरीत त्यांना गाठलं आणि ८:११.२० वेळेत रौप्य घेतलं. सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदानं गेलं.

म्हणून पुढं सगळं सुरळीत झालं असंही नाही. २०२३ ला बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत हीटमधले पहिले पाचच फायनलला जाणार होते आणि हा सातवा आला. पण दीड महिन्यानं हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यानं घोळक्याची वाटच बघितली नाही, पुढं निघून एकट्यानं ८:१९.५० वेळेत सुवर्ण घेतलं. २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकच्या हीटमध्येही पहिल्या पाचांचाच नियम होता. तिथं तो बरोबर पाचवा आला आणि या शर्यतीच्या ऑलिम्पिक फायनलमध्ये जाणारा पहिला भारतीय पुरुष ठरला.

आता आपल्या १६०० मीटरकडं येऊ. ट्रॅकवर या चार फेऱ्या. ५ मिनिटं १० सेकंदांचं लक्ष्य धरलं तर प्रत्येक फेरी साधारण ७७-७८ सेकंदांची पडते. आपली पोरं करतात काय? पहिली ६८ ला मारतात. मग शरीराला लागेल तेवढा ऑक्सिजन पुरत नाही, पाय जड होतात आणि तिसरी फेरी ८५ वर जाते. सुरुवातीला कमावलेल्या सेकंदांतले बरेचसे तिथं जातात, चौथीत वरून आणखी जातात. एकूण वेळ बघून यातलं काहीच समजत नाही. भात पडलं तर आपण युरिया जास्त झाला का, पाणी जास्त दिवस तुंबलं का, हे बघतो. नुसतं "पीक गेलं" म्हणून थांबत नाही. धावण्याचं मात्र "दम कमी पडला" एवढ्यावर सोडून देतो.

त्यासाठी महागडं घड्याळ नको. जोडीदाराला मोबाईल घेऊन कडेला उभं करा, प्रत्येक फेरीची वेळ त्याला मोठ्यानं ओरडायला सांगा आणि त्याच दिवशी वहीत लिहा. शेजारी झोप किती झाली, काय खाल्लं, गुडघा-नडगी दुखत होती का, हेही. तिसरी फेरी रोजच पडत असेल तर पहिली जाणूनबुजून हळू करून बघा. एक आठवडा एवढा एकच बदल करायचा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर फायदा कशानं झाला ते कळत नाही.

नडगी सतत दुखत असेल तर मात्र वहीत नोंद करून भागणार नाही. डांबरी रस्ता सोडा, डॉक्टरला दाखवा. आणि अंतर मोटारसायकलच्या काट्यावर मोजू नका. त्यात चुकीला वाव असतो आणि एका फेरीत वीस मीटर कमी भरले तर चार फेऱ्यांत ८० मीटर जातात. ५० मीटरचा टेप आणून एकदाच नीट खुणा करून ठेवा. सध्या आमच्या बांधाजवळच्या रस्त्यावर चुन्याच्या खुणा मारल्यात, पाऊस आला की पुन्हा माराव्या लागतात.