सेकंदाला चोवीस, की बारा?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवरून हलत्या चित्रांविषयी बोलायचं म्हणजे थोडं धाडसच. चित्र तुमच्यासमोर नाही आणि मी मात्र त्याच्याविषयी पंधरा मिनिटं बोलणार! पण मला आज जे सांगायचं आहे ते रंगरेषांपेक्षा लयीविषयी आहे, आणि लय काय, कानांनाही कळते.

पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं सरकतात, हे आपल्याला ठाऊक असतं. कॅमेऱ्यापुढून नट चालत गेला की ही चोवीस चित्रं आपसूक मिळतात. कागदावरच्या माणसाला चालवायचं, तर त्याचं प्रत्येक पाऊल कोणीतरी काढावं लागतं. दीड तासाच्या चित्रपटाचा हिशेब मांडून बघा. ९० मिनिटं, गुणिले ६० सेकंद, गुणिले २४. उत्तर येतं १,२९,६००. म्हणून जुन्या कलाकारांनी एक तोड काढली. एकच चित्र लागोपाठ दोन फ्रेमना वापरायचं. म्हणजे सेकंदाला बाराच चित्रं. काम निम्म्यावर आलं, आणि डोळ्यालाही ते चालून गेलं. या व्यवसायात त्याला ‘ऑन टूज’ म्हणतात. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र असेल, तर ‘ऑन वन्स’. एवढे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

१९९५ साली ‘टॉय स्टोरी’ आला. संपूर्णपणे संगणकावर केलेला तो पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. मग पुढची वीसेक वर्षं सगळी धडपड एकाच दिशेनं चालली: हालचाल अधिक गुळगुळीत कशी होईल, केसन्‌केस कसा हलेल, पाणी पाण्यासारखं कसं दिसेल. संगणकाला चोवीस चित्रं काय आणि बारा काय, मधली चित्रं तोच भरून काढतो. हे सगळं साधल्यावर मात्र काही कलाकारांना चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं असावं. कारण गेल्या आठ-दहा वर्षांतलं मला सगळ्यांत आवडलेलं काम हे त्या गुळगुळीतपणाला मुद्दाम खरखरीत करणारं आहे.

पहिलं उदाहरण २०१८च्या ‘स्पायडरमॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटाचं. माइल्स नावाचा शाळकरी पोरगा, अंगात नुकती शक्ती आलेली, पण ती वापरायची कशी हे कळत नाही. त्याला शिकवणारा पीटर पार्कर हा मुरलेला गडी. जंगलात दोघं झाडाझाडांवरून झोके घेत पळतात. या दृश्यात अॅनिमेटरांनी एक गंमत केली आहे. पीटर ‘ऑन वन्स’ हलतो आणि माइल्स ‘ऑन टूज’. एकाच पडद्यावर, एकाच वेळी! पीटरची हालचाल वाहती, माइल्सची किंचित अडखळती. शेजारी शेजारी बसलेले उस्ताद आणि नवशिका शागीर्द एकच ठेका वाजवत असतील तर आपल्याला बोल ओळखता आले नाहीत तरी कोण कोण आहे ते कळतं. तसंच हे. पुढे माइल्सला सूर सापडतो आणि त्याची हालचालही ‘ऑन वन्स’वर येते. प्रेक्षकांतल्या शंभरातल्या नव्याण्णवांना हे दिसत नाही. पण जाणवतं सगळ्यांना.

या चित्रपटानं आणखी एक केलं. स्वस्त कागदावर छापलेल्या कॉमिक्समध्ये रंगाचे ठिपके दिसायचे, कधी लाल रंगाचा ठसा रेषेपासून थोडा सरकलेला असायचा. छपाईतला तो दोष त्यांनी संगणकावर मेहनतीनं पुन्हा निर्माण केला. दूरची वस्तू धूसर करायची तर कॅमेऱ्यासारखी न करता, छापखान्यात ठसा हुकल्यासारखी केली. २०१९मध्ये याला अॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं आणि त्यानंतर ही तऱ्हा इतरांनीही भराभर उचलली. २०२३च्या दुसऱ्या भागात तर ‘मुंबॅटन’ नावाचं शहर आहे. मुंबई आणि मॅनहॅटन यांची खिचडी! त्याची रंगशैली आपल्याकडच्या इंद्रजाल कॉमिक्सवरून घेतलेली आहे. वेताळ आणि जादूगार मँड्रेक मराठीत वाचून वाढलेल्या पिढीला ते रंग बघून काय वाटलं असेल, ते मी वेगळं सांगायला नको.

याच दुसऱ्या भागाच्या वेळी, पुन्हा पुन्हा होणाऱ्या बदलांना आणि लांबलेल्या तासांना कंटाळून शंभराच्या आसपास कलाकार काम सोडून गेले, असं त्याच वर्षी अमेरिकेत छापून आलं. निर्मात्यांनी ते सगळं मान्य केलं नाही. पण पडद्यावरच्या दोन सेकंदांमागे कोणाच्या तरी आयुष्यातले किती दिवस असतात, हा प्रश्न त्यानंतर उघडपणे विचारला जाऊ लागला, हे बरं झालं.

दिवसांचाच हिशेब करायचा, तर ‘लव्हिंग व्हिन्सेंट’ची गोष्ट सांगायलाच हवी. हा २०१७चा, पोलंडमध्ये घडलेला चित्रपट. दिग्दर्शक डोरोटा कोबिएला आणि ह्यू वेल्चमन. व्हॅन गॉगच्या मृत्यूची कथा, आणि तीही व्हॅन गॉगच्याच शैलीतल्या तैलचित्रांतून. सव्वाशे चित्रकार, सुमारे ६५,००० फ्रेम, सेकंदाला बारा. आधी खऱ्या नटांना घेऊन चित्रण केलं. मग त्यातली एकेक फ्रेम कॅनव्हासवर पाडून चित्रकारानं ती रंगवायची, छायाचित्र घ्यायचं, जेवढा भाग हलला तेवढा रंग खरवडायचा, पुन्हा रंगवायचा, पुन्हा छायाचित्र. म्हणजे एक दृश्य पुरं झालं की कॅनव्हासवर शिल्लक राहते ती फक्त शेवटची फ्रेम. तिच्याआधीची सगळी चित्रं चित्रकारानं स्वतःच्या हातांनी पुसलेली असतात. रांगोळी काढणाऱ्या आपल्या लोकांना यात फारसं नवल वाटणार नाही.

गोष्ट म्हणून हा चित्रपट मला थोडा पसरट वाटतो. पण कुंचला दोनदा तंतोतंत एकाच जागी पडत नाही, त्यामुळे उभी भिंत, स्थिर आभाळसुद्धा पडद्यावर सतत थरथरत राहतं. अॅनिमेशनवाले याला चित्र ‘उकळणं’ म्हणतात. एरवी हा दोष. व्हॅन गॉगच्या आभाळाला मात्र तो शोभून दिसतो.

आपल्या मुंबईतही असं काम झालं आहे. जे. जे. उपयोजित कला संस्थेतून शिकलेल्या गीतांजली राव यांनी ‘प्रिंटेड रेनबो’ हा पंधरा मिनिटांचा लघुपट एकटीनं, हातानं रंगवून केला. एकाकी म्हातारी, तिचं मांजर आणि काडेपेट्यांवरची चित्रं, एवढाच ऐवज. २००६ साली तो कानच्या समीक्षक सप्ताहात दाखवला गेला. पुढे २०१९मध्ये त्यांचा ‘बॉम्बे रोझ’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट आला, तोही फ्रेम फ्रेम रंगवून. त्यात एक वृद्ध बाई रस्त्यानं चालत असते आणि चालता चालता आजच्या मुंबईचे रंग उतरत जाऊन जुनी कृष्णधवल मुंबई वर येते. नट घेऊन हे करायला गेलं असतं तर करामत झाली असती. इथे ते आठवण आल्यासारखं सहज होतं. काडेपेटीवरून आठवलं, दादासाहेब फाळक्यांनीही ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा लघुपट केला होता. काड्या थोड्या थोड्या सरकवून एकेक फ्रेम घ्यायची, हीच त्यातली युक्ती. आणि ज्यांनी दूरदर्शनवर ‘एक, अनेक और एकता’ पाहिलाय, त्यांना विजया मुळे आणि अॅनिमेटर भीमसेन यांनी १९७४ साली मोजक्या रेषांत काय साधलं, ते मी सांगायची गरज नाही.

शेवटचं उदाहरण अगदी अलीकडचं. लाटविया हा बाल्टिक समुद्राकाठचा छोटा देश. तिथल्या गिन्ट्स झिल्बालोडिस या तरुणानं २०२४मध्ये ‘फ्लो’ केला. महापूर येतो, माणसं कुठेच नाहीत, एक काळं मांजर आणि काही प्राणी एका होडीत. एकही संवाद नाही. हा चित्रपट ‘ब्लेंडर’ या सॉफ्टवेअरवर केला आहे, जे कोणालाही फुकट मिळतं. मांजराची लव जवळून बघितली तर रंगाच्या पट्ट्यांसारखी दिसते, मोठ्या स्टुडिओंसारखी केसाकेसानं केलेली नाही. आणि तरी २०२५चं ऑस्कर त्यानं बड्याबड्यांच्या पुढ्यातून नेलं. लाटवियाचं ते पहिलंच ऑस्कर.

आवाज मात्र खऱ्या प्राण्यांचे घेतले. त्यातल्या कॅपिबारा या गुबगुबीत, शांत प्राण्याचा खरा आवाज निघाला चिरका, पात्राला न शोभणारा. मग त्याच्या तोंडी उंटाच्या पिल्लाचा आवाज घातला. म्हणजे बघा, नक्कल कुठे हवी आणि कुठे नको, हे ठरवणारा माणूस लागतोच.

आता संगणकाला एक वाक्य लिहून दिलं की तो हलतं चित्र काढून देतो. चांगलं गुळगुळीत काढतो. माइल्सला बारा आणि पीटरला चोवीस द्यावीत, असं त्याला कोणी सांगितल्याशिवाय सुचेल का, याची मला शंका आहे. तुमच्या घरी पोरांना ‘स्पायडर-व्हर्स’ लावून द्याल तेव्हा ते जंगलातलं दृश्य आलं की जरा थांबवा, आणि रिमोटवरून एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहा. पीटर प्रत्येक वेळी हललेला दिसेल, माइल्स एकाआड एक.