एकोणीस सेकंदांचा प्रश्न

आमच्या गल्लीची लांबी चारशे मीटर. दोन्ही बाजूंना जुने बंगले, मधूनमधून नव्या इमारती, एक पिठाची गिरणी आणि टोकाला बालवाडी. काही वर्षांपूर्वी गल्लीचं काँक्रीटीकरण झालं. खड्डे गेले, धूळ गेली, आम्ही खूश झालो. पण महिन्याभरातच मुख्य रस्त्यावरचा सिग्नल चुकवणाऱ्यांना आमची गुळगुळीत गल्ली सापडली. सकाळ-संध्याकाळ वाहनं भरधाव जाऊ लागली. एके दिवशी बालवाडीतून घरी निघालेल्या मुलाला एका स्कूटरनं उडवलं. पाय मोडला, पण तेवढ्यावर निभावलं. स्कूटरवाला थांबलाही नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही चार-पाच जणांनी राडारोडा आणि सिमेंट आणून गल्लीत आडवा उंचवटा घातला. वीतभर उंच, जेमतेम दोन फूट रुंद. कुणाची परवानगी घेतली नाही, त्यावर पांढरा पट्टाही मारला नाही. चौथ्या रात्री गल्लीतलंच एक जोडपं गावाहून मोटारसायकलवर परतत होतं. उंचवट्याची त्यांना कल्पनाच नव्हती. मागे बसलेल्या वहिनी उडून पडल्या. हात मोडला, डोक्याला टाके पडले. दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान मला म्हणाले, ''काका, त्या स्कूटरवाल्याला आपण सगळे शोधत होतो. आता मी कुणाला शोधू?''

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. या प्रश्नाला मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. त्यातून जे उमगलं, ते आज सांगतो.

आधी वेगाचा हिशेब पाहू. समोर अचानक मूल आलं, तर चालकाला ते दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार त्या सेकंदात सुमारे ८ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी ५ मीटरांत थांबते. एकूण १३ मीटर. आता वेग ५० धरा. त्या एका सेकंदातच मोटार जवळजवळ १४ मीटर गेलेली असते. म्हणजे पहिली गाडी जिथे थांबली, तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाच नसतो! त्या जागी मूल उभं असेल, तर पूर्ण ५० च्या वेगानं धडक बसते. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ३० चा ५० झाला, की ऊर्जा पावणेतीन पटींहून अधिक होते. वर्गात मी हे सूत्र कितीदा तरी फळ्यावर लिहिलं होतं. गल्लीत ते आठवलं नाही.

मग गतिरोधक वाईट का? तर नाही. वाईट असतो तो आम्ही घातला तसा ढीग. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनं १९८८ मध्ये गतिरोधकाची मापं सांगितली. रुंदी ३.७ मीटर आणि मध्यभागी उंची फक्त १० सेंटीमीटर. म्हणजे तो ढीग नव्हेच, पालथ्या ताटासारखा पसरट फुगवटा. त्यावरून ताशी २५ किलोमीटरनं गेलं तर गाडी अलगद चढते-उतरते; वेग वाढवला तर मात्र धक्का बसतो. अरुंद ढिगाचं उलटं असतं. तो सावकाश जाणाऱ्या आजोबांची कंबरही मोडतो आणि दुचाकीला तर फेकूनच देतो. शिवाय गतिरोधकावर रंगाचे पट्टे हवेत, अलीकडे सूचनाफलक हवा, जवळ दिवा हवा आणि पावसाचं पाणी वाहून जायला कडेला वाट हवी.

पण गतिरोधक हा एकच उपाय नाही. हे शिकावं ते नेदरलँड्सकडून. आज सायकलींचा म्हणून ओळखला जाणारा हा देश १९७० च्या सुमारास मोटारींनी बेजार झाला होता. १९७१ या एका वर्षात तिथे चारशेहून अधिक मुलं रस्त्यांवर गेली. आई-बाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच होतं 'मुलांची हत्या थांबवा'. त्याच सुमारास डेल्फ्ट या गावात एक नवा विचार आकाराला येत होता. रहिवासी गल्लीत फूटपाथ आणि रस्ता असा भेद पुसून टाकायचा. झाडं, बाकं, कुंड्या अशा मांडायच्या, की गाडीला सरळ सुसाट जाताच येऊ नये. याला त्यांनी 'वोनएर्फ' म्हटलं. अर्थ काय, तर राहण्याचं अंगण! १९७६ मध्ये तिथल्या कायद्यानं या अंगणाला मान्यता दिली. तिथे गल्लीच्या पूर्ण रुंदीवर चालण्याचा, खेळण्याचा हक्क माणसांना आहे. गाडीनं अगदी सावकाश जायचं.

यामागचं तत्त्व साधं आहे. चालक फलकावरच्या आकड्यापेक्षा समोरच्या रस्त्याचं जास्त ऐकतो. रस्ता रुंद, सरळ, मोकळा असला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जातो. तोंडाशी रस्ता जरा आवळला, वळणाची गोलाई कमी केली, गाड्या उभ्या करायची जागा आलटून-पालटून डावी-उजवीकडे दिली, की तोच पाय वर येतो. तिथे पोलीस उभा करावा लागत नाही.

हे लोण पुढे पसरलं. जर्मनीतल्या बुक्सटेहुड गावानं १९८३ मध्ये ताशी ३० किलोमीटरची वस्ती आखली. स्पेननं २०२१ मध्ये शहरांतल्या दोन्ही दिशांना एकेकच मार्गिका असलेल्या रस्त्यांना हीच मर्यादा लावली. आणि फिनलंडची राजधानी हेलसिंकी, साडेसहा लाखांवर वस्तीचं शहर, तिथे जुलै २०२५ पर्यंतच्या बारा महिन्यांत रस्ते अपघातात एकही माणूस गेला नाही. आपल्या देशात एकट्या २०२२ मध्ये १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली.

आमच्या गल्लीचं काय झालं? तो ढीग आम्हीच फोडला. मग रीतसर अर्ज केला, नकाशा जोडला, हेलपाटे घातले. वर्ष लागलं. आता मापाचे दोन गतिरोधक आहेत, पट्टे आहेत, दिवा आहे. बालवाडीपाशी कोपरा आवळून तिथे कुंड्या ठेवल्या आहेत. त्यांना पाणी घालायचं काम त्या वहिनींनी आपणहून घेतलं आहे. त्यांचा हात मात्र अजून पुरता वर जात नाही.

सगळ्यांना हे पटलं असं नाही. ''काका, आम्हाला कामाला उशीर होतो,'' असं मुलं म्हणतात. मी त्यांना गणित घालतो. चारशे मीटर ताशी ५० नं गेलात तर २९ सेकंद लागतात, ३० नं गेलात तर ४८. फरक एकोणीस सेकंदांचा. तेवढ्या वेळात बालवाडीतलं मूल आईचं बोट धरून रस्ता ओलांडतं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)