स्मरणार्थ एक कलावंत

आपल्या शाळेत अनेक वर्षे चित्रकला शिकविणाऱ्या दिवंगत बाईंच्या स्मरणार्थ माजी विद्यार्थी काही रक्कम देऊ इच्छितात, हे मागील पालकसभेत सर्वांना कळले आहे. तसबीर, काचेचे कपाट, स्पर्धेसाठी फिरती ढाल अशा सूचना आल्या. अमेरिकेत असलेल्या एका माजी विद्यार्थिनीने मात्र वेगळेच सुचविले. तिची मुले ज्या क्वेकर शाळेत जातात, तेथे दिवंगत व्यक्तीच्या नावाने दरवर्षी एक कलावंत काही दिवस शाळेत येऊन राहतो. "हे क्वेकर कोण?" या प्रश्नावर सभेतला तो विषय थांबला. म्हणून हा लेख.

क्वेकर हा सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या उपदेशातून निघालेला ख्रिस्ती पंथ. ते स्वतःला 'फ्रेंड्स', म्हणजे मित्र, म्हणवितात. त्यांच्या मूळ पद्धतीच्या प्रार्थनेत पुरोहित नसतो, मंत्र नसतात. सगळे शांत बसतात आणि आतून काही सुचले तरच कोणी उठून बोलतो. त्यांच्या शाळांतही मुले अशी एकत्र शांत बसतात. (आमच्या सातवीच्या वर्गाला हे पाच मिनिटे जमले तरी पुष्कळ!)

गंमत अशी की कलेला शाळेत मान देणाऱ्या याच पंथाला एके काळी कला मुळीच मान्य नव्हती. चित्र, संगीत, नाटक म्हणजे डामडौल, मन भरकटविणारी गोष्ट, असे जुने क्वेकर मानीत. एडवर्ड हिक्स (१७८० ते १८४९) हा पेनसिल्वेनियातील क्वेकर उपदेशक पोटासाठी गाड्या आणि पाट्या रंगवी. पंथातल्या लोकांनी नावे ठेवली, म्हणून त्याने रंगकाम सोडून शेती करून पाहिली. शेती बुडाली आणि तो पुन्हा कुंचल्याकडे वळला. सिंह, लांडगा, कोकरू आणि लहान मूल एकत्र नांदत आहेत, हा एकच विषय त्याने सुमारे साठ वेळा रंगविला. ज्या धर्माने त्याला चित्राबद्दल टोचणी लावली, त्याच धर्मातला शांततेचा विचार आज लोक त्याच्या चित्रांतून ओळखतात. पुढे क्वेकरांचे मत पालटले.

क्वेकर आपल्यालाही परके नाहीत. नर्मदाकाठी होशंगाबादला (आता नर्मदापुरम्) ते एकोणिसाव्या शतकातच आले. तेथील रसूलिया गावच्या फ्रेंड्स रूरल सेंटरने किशोर भारती या संस्थेसह १९७२ साली खेड्यांतल्या शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकविण्याचा उपक्रम सुरू केला होता. याच रसूलियात पुढे राहिलेल्या मार्जरी साइक्स (१९०५ ते १९९५) या क्वेकर शिक्षिका त्याआधी वर्ध्याजवळ सेवाग्रामला नई तालीमच्या शिक्षकांना शिकवीत. त्याच सेवाग्रामात शांतिनिकेतनहून आलेले देवीप्रसाद १९४४ पासून मुलांना कला शिकवीत होते. ते स्वतः चित्रे काढीत, कुंभारकाम करीत. मोठ्यांच्या चित्राची नक्कल मुलांकडून करवून घेऊ नये, हा त्यांचा आग्रह. शाळेतच कलावंत हाताने काम करीत असेल तर मुलांना काय मिळते, याचे आपल्या मराठी मुलखातले हे उदाहरण.

देवीप्रसादांचे गुरू नंदलाल बोस तर आपल्या दाराशी येऊन गेले. रावेर, सावदा ओलांडले की फैजपूर. तेथे डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलालबाबूंनी तेथील सजावट केली, ती बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंनी.

आता उपक्रम कसा चालतो ते पाहू. देणगीची मूळ रक्कम मुदत ठेवीत राहते; खर्च फक्त व्याजातून होतो. समजा दोन लाख जमले आणि सात टक्के व्याज मिळाले, तर वर्षाला चौदा हजार. एवढ्यात एका कारागिराचे चार दिवसांचे मानधन, प्रवास आणि थोडे साहित्य भागू शकेल. राहण्याची सोय एखाद्या पालकाच्या घरी व्हावी. व्याजदर उतरला तर दिवस कमी करावेत. मुद्दलाला हात लावू नये. ढाल एका वर्गाला मिळते आणि वर्षभर मुख्याध्यापकांच्या खोलीत धूळ खाते. हे चार दिवस पाचवीपासून दहावीपर्यंत सर्वांना मिळतील.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. आलेल्या कलावंताला शाल-श्रीफळ देऊन, भाषण करवून, स्पर्धेचा परीक्षक नेमून परत पाठवू नये. त्याला एक खोली द्यावी, तिचे दार उघडे ठेवावे आणि त्याने स्वतःचे काम करावे. मुलांनी बघावे, विचारावे, हात लावावा. विणताना धागा तुटतो, तो पुन्हा जोडावा लागतो. ठसा चुकतो, कापड वाया जाते. बक्षिसाचे चित्र तेवढे भिंतीवर लागते, आधीचे फाडलेले चार कागद मुलांना कधी दिसत नाहीत. आमच्या बाई स्वतःचे बिघडलेले चित्र वर्गात दाखवीत आणि "सांगा, कुठे चुकलं?" असे विचारीत.

कलावंत मुंबई-पुण्याचाच हवा असे नाही. बऱ्हाणपूर जुने विणकरांचे गाव आहे. महेश्वरला साड्या विणल्या जातात, धार जिल्ह्यात बाग येथे ठशांनी कापड छापतात. काही पालकांना अभ्यासाचे चार दिवस जातील ही काळजी वाटते, ती रास्त आहे. म्हणून दहावीसाठी रोज एकच तास ठेवावा आणि हे दिवस दिवाळीच्या सुटीनंतर, सराव परीक्षेच्या बरेच आधी घ्यावेत.

विश्वस्तांची बैठक पुढील महिन्यात आहे. तोपर्यंत मुलांनी, आपल्याला कोणते काम जवळून पाहायचे आहे, ते चिठ्ठीवर लिहून कार्यालयाबाहेरच्या पेटीत टाकावे. नाव लिहिले नाही तरी चालेल, इयत्ता लिहावी.