कागद घराबाहेर पडले तेव्हा
लेखमाला : इतिहास राखणाऱ्या संस्था (लेखांक ४)

गेल्या आठवड्यात आपण ‘काव्येतिहाससंग्रह’ या मासिकाची कामगिरी पाहिली. काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७८ साली ते सुरू केले, आणि जुन्या बखरी व पत्रे छापील रूपात मराठी वाचकांच्या हाती आली. पण मासिक चालवणारे हात थकले की मासिक थांबते आणि न छापलेले कागद ज्याच्या त्याच्या घरी पडून राहतात. हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालायचे, तर त्याला संस्थेचा आधार हवा. पुण्यात तो आधार भारत इतिहास संशोधक मंडळाच्या रूपाने उभा राहिला. आजचा लेखांक त्या मंडळाविषयी.

बंद दप्तर आणि बेवारस दप्तर

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. इनामे आणि वतने यांची चौकशी करताना सरकारला त्या कागदांचा उपयोग होई. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ते सहजासहजी पाहायला मिळत नसत. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर पडू लागले, तेव्हा १९३० साल उजाडले होते.

तोवर अभ्यासकापुढे एकच वाट होती. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, सरदार, सावकार, मठ आणि देवस्थाने यांच्याकडे जायचे आणि कागद दाखवा म्हणून विनवायचे. हे कागद रुमालात बांधून माळ्यावर किंवा फडताळात टाकलेले असत. वाळवी, उंदीर आणि गळके छप्पर हे त्यांचे नित्याचे वैरी. भाऊबंदकीच्या वाटण्यांत दप्तराचेही तुकडे होत. घरात मोडी वाचणारा उरला नाही की सनद कोणती आणि किराण्याची यादी कोणती, हे कळेनासे होई आणि सगळेच रद्दीत जाई. कागद परक्याला दाखवायलाही लोक बिचकत, कारण त्यांत वतनाचे आणि हक्काचे पुरावे असत. ते दुसऱ्याच्या हाती गेले तर उद्या कज्जा उभा राहील, ही धास्ती.

या वाटेने विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले. पानिपतच्या आगेमागच्या काळातील पत्रांचा त्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हा पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढे या मालेचे २२ खंड झाले. अस्सल कागद जसाच्या तसा छापायचा, त्याचा काळ ठरवायचा आणि मगच मत मांडायचे, हा त्यांचा शिरस्ता. पण एका माणसाने किती रुमाल सोडावेत आणि किती बांधावेत? गोळा केलेले ठेवायचे कुठे आणि आपल्यामागे ते सांभाळायचे कोणी, हे प्रश्न उरलेच.

मंडळाची रीत

आषाढ शुद्ध १, शके १८३२, म्हणजे ७ जुलै १९१० या दिवशी राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात मंडळाची स्थापना केली. एकाने विद्या आणि वणवण आणली, दुसऱ्याने सरदार घराण्याची पत आणि आस्था. ज्या घरांत कागद होते, त्या घरांचा विश्वास बसायला ही जोडी फार उपयोगी होती.

मंडळाची रीत साधी होती आणि तीच त्याची ताकद ठरली. ठरावीक काळाने सभा भरे. कोणी नव्याने हाती आलेले पत्र वाचून दाखवी, कोणी नाण्यावर किंवा शिलालेखावर टिपण मांडी. बसलेले लोक शंका काढत. वाचन चुकले असेल तर तिथेच दुरुस्त होई. मग ते टिपण वार्षिक इतिवृत्तात किंवा संमेलनाच्या वृत्तात छापले जाई. पुढे त्याची जागा त्रैमासिकाने घेतली. एकट्या संशोधकाच्या खोलीत राहिली असती ती चूक चारचौघांत उघडी पडू लागली. छापून झाले की कोल्हापूरचा, नागपूरचा किंवा बडोद्याचा अभ्यासकही तो पुरावा तपासू शके.

या तपासणीत काय काय करावे लागते, याचा एक नमुना पाहू. शिवकालीन पत्रात वर्ष बहुधा आकड्यांत नसते, ते अरबी शब्दांत असते. समजा पत्रावर ‘खमस सबैन अलफ’ लिहिले आहे. खमस म्हणजे ५, सबैन म्हणजे ७०, अलफ म्हणजे १०००. हा झाला शुहूर सन १०७५. शुहूर वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्रासाठी त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या पत्रासाठी ६००. म्हणजे हे पत्र १६७४-७५ सालचे. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक याच शुहूर वर्षात पडतो. आता मोडीत घाईने लिहिलेले ‘खमस’ कोणी वेगळे वाचले, तर पत्र राज्याभिषेकाच्या अलीकडे तरी जाते किंवा दूर पलीकडे, आणि त्यावर रचलेला सगळा तर्क कोसळतो. पत्र चार जणांनी वाचायचे ते यासाठी.

एका जन्मतिथीची गोष्ट

शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखातला, म्हणजे १६२७ सालचा, असे बखरींच्या आधारे दीर्घकाळ मानले जात होते. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांकडे एक शकावली होती. शके १५४० पासून १६१९ पर्यंतच्या घटनांची तीत त्रोटक टिपणे आहेत : शक, महिना, तिथी आणि घडलेली गोष्ट, बस्स. ही शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली त्यांनी ती मंडळाच्या संमेलन वृत्तातून प्रसिद्ध केली. तीत जन्माची नोंद होती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०.

एका कागदाने इतिहास बदलत नाही आणि बदलूही नये. वाद सुरू झाला. मग तंजावरच्या हस्तलिखितांत सदाशिव महादेव दिवेकर यांना कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ सापडले. हा कवी महाराजांच्या पदरचा. त्यातही फाल्गुन वद्य तृतीया आणि शके १५५१. मंडळाने १९२७ साली तो ग्रंथ छापला. जोधपूरच्या एका पत्रिकासंग्रहातील महाराजांच्या कुंडलीनेही त्याला दुजोरा दिला. एक नोंद देशमुखांच्या घरातली, दुसरी तंजावरची, तिसरी राजस्थानातली. एकमेकांशी संबंध नसलेले साक्षीदार एकच तिथी सांगू लागले, तेव्हा अभ्यासकांचा कौल त्या तिथीकडे झुकला. आज राज्य शासन १९ फेब्रुवारीला शिवजयंती साजरी करते, त्यामागे ही सगळी छाननी आहे. कारीच्या जेध्यांनी ते टिपण जपले नसते, किंवा जपूनही कोणाला दाखवले नसते, तर या छाननीला सुरुवातच झाली नसती.

संस्थापकानंतर

राजवाडे करारी स्वभावाचे होते. मतभेद झाले आणि ते मंडळापासून दूर गेले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले. संस्थापक निघून गेल्यावर संस्था टिकते का, यावरच तिची खरी परीक्षा होते. मंडळ त्या परीक्षेत उतरले. दत्तो वामन पोतदार यांनी अनेक वर्षे कार्यवाहपद सांभाळले. हेच पोतदार पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. दत्तात्रेय विष्णू आपटे यांनी कालगणनेवर हुकमत मिळवली. शंकर नारायण जोशी यांनी मोडी कागदांना वाहून घेतले. ‘शिवचरित्रसाहित्य’चे खंड एकामागून एक निघत राहिले.

गणेश हरी खरे यांचे काम आवर्जून सांगायला हवे. शिवकाळाचा अर्धा पुरावा आदिलशाही, निजामशाही आणि मोगली फर्मानांत आहे, आणि तो फारसीत आहे. तो वाचता येत नसेल तर मराठी साधने एका डोळ्याने पाहिल्यासारखी होतात. खऱ्यांनी फारसी आत्मसात केली आणि ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’ या मालेतून ते कागद मराठी वाचकासमोर आणले. मूर्ती, नाणी, ताम्रपट आणि शिलालेख यांवरही त्यांचा अधिकार होता. मंडळाच्या संग्रहाला शिस्त लागली त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

सदाशिव पेठेतील मंडळाच्या वास्तूत आज लाखो मोडी कागद, हजारो पोथ्या, नाणी आणि चित्रे आहेत. असा संग्रह किती नाजूक असतो, हे ५ जानेवारी २००४ रोजी दिसले : पुण्यातल्याच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमावाने हल्ला केला. ग्रंथ, चित्रे आणि वस्तू यांची नासधूस झाली. एखाद्या पुस्तकातील मजकुराबद्दलचा राग, तो कितीही तीव्र असो, पुराव्यांच्या घरावर काढणे हा अक्षम्य गुन्हा होता. पुस्तकाला उत्तर द्यायलाही अशाच कपाटांतले कागद लागतात. त्या संस्थेने पडझड सावरली आणि काम पुढे चालू ठेवले.

मंडळाच्या शंभराहून अधिक वर्षांच्या वाटचालीतून माझ्यापुरता एक निष्कर्ष निघतो. थोर संशोधक संस्था जन्माला घालतो, पण तिला जगवतात ती कागद विश्वासाने आणून देणारी घरे आणि तो कागद चारचौघांत तपासण्याची सवय. यांतले एक जरी आटले, तरी उरते ते नुसते गोदाम.

म्हणून वाचकांना एक कळकळीची विनंती. तुमच्या घरी, गावच्या वाड्यात किंवा देवळात मोडी कागदांचा रुमाल असेल, तर तो आधी वाळवीपासून आणि ओलीपासून दूर हलवा. कागदांचा क्रम मोडू नका, त्यांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, त्यांच्यावर पेनाने काही लिहू नका. चांगल्या उजेडात त्यांची छायाचित्रे काढा आणि जवळच्या संशोधन मंडळाला किंवा मोडीच्या जाणकाराला ती दाखवा. मूळ कागद हवा तर तुमच्याकडेच ठेवा, पण तो वाचला जाऊ द्या.

(पुढील लेखांकात : धुळ्याची सत्कार्योत्तेजक सभा आणि राजवाडे संशोधन मंडळ)