जमेबरोबर नावेही

आपल्या व्यवसायाची कथा इतरांना सांगताना मनुष्य बहुधा जमेचीच बाजू वाचून दाखवतो. जळगावचे उद्योजक भवरलालजी जैन (१९३७–२०१६) यांनी मात्र नावेची बाजूही झाकली नाही.

जामनेर तालुक्यातील वाकोदच्या शेतकरी कुटुंबात ते जन्मले. सरकारी अधिकारपदाची संधी बाजूस सारून १९६३ मध्ये त्यांनी घरच्या ७,००० रुपयांच्या बचतीवर रॉकेलच्या विक्रीस आरंभ केला. १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा कारखाना विकत घेतला. तेथे पपईच्या चिकापासून पपेन तयार होऊ लागले. पुढे पीव्हीसी नळ्या व ठिबक सिंचनाने कंपनीचे नाव परदेशी नेले.

१९९० च्या दशकात वित्त, माहिती तंत्रज्ञान, ग्रॅनाइट अशा अनोळखी क्षेत्रांत पाऊल टाकल्याने कंपनी संकटात सापडली. भवरलालजींनी भागधारकांची जाहीर क्षमा मागितली, ते व्यवसाय आवरले आणि मूळ शेतीपूरक कामाकडे ते परतले. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री लाभली.

संवत्सरीला परस्परांची क्षमा मागणाऱ्या समाजाला याचे मोल निराळे सांगावयास नको. जळगाव-धुळ्याच्या पेढ्यांवरील वडीलधाऱ्यांनी नव्या पिढीला वा भागीदारांना आपला परिचय देताना बुडालेला सौदा, त्याचे कारण आणि देणे फेडल्याची हकिकतही सांगावी. पेढीची पत त्यावरच उभी राहते. जो तोटा लपवत नाही, त्याने सांगितलेल्या नफ्यावर लोक विश्वास ठेवतात.